ल्योटो माचिदाचं कराटे आणि २००९ चा तो निकाल : पार्श्वभूमी

उन्हाळा लागला की आपल्याकडं वणी म्हणा, दारव्हा म्हणा, आर्वी म्हणा, तालुक्याच्या गावात झेडपी शाळेच्या मैदानावर नाही तर मंगल कार्यालयाच्या अंगणात कराटेचे कॅम्प लागतात. पोट्टे सकाळी सहाला 'इची, नी, सान' करत पंच मारतात आणि घरी गेले की मोबाईलवर पिंजऱ्यातल्या फाइट पाहतात. मंग क्लासमध्ये तोच प्रश्न येते, सर आपलं कराटे तिकडं चालते काय? याचं उत्तर ज्याच्या करिअरमध्ये सगळ्यात स्वच्छ दिसते तो ब्राझीलचा ल्योटो माचिदा, म्हणून त्याची मागची गोष्ट एकदा मांडून ठेवतो. करिअर २००३ ते २०२२ असं लांबलचक आहे, पण माझ्या मते त्यातलं खरं शिकण्यासारखं २००९ च्या एका निकालात आहे, तर जागा त्यालाच जास्त जाईल.

जपानी लोक १९०८ पासून जहाजानं ब्राझीलला कॉफीच्या मळ्यात कामाला कसे गेले ते इथं सांगत बसत नाही. माचिदाचे वडील जपानहून तिकडं गेलेले शोतोकानचे, म्हणजे कराटेच्या एका शैलीचे, मोठे मास्टर. पोरगा १९७८ ला साल्वाडोरला जन्मला, वाढला उत्तरेकडं बेलेमला, तीन वर्षांचा असताना कराटे सुरू आणि तेराव्या वर्षी ब्लॅक बेल्ट. आपल्याकडचे लोक गोष्ट इथंच थांबवतात. पण हा पोरगा बाराव्या वर्षापासून सुमो पण खेळत होता आणि पंधराव्यापासून जिउ-जित्सू, म्हणजे जमिनीवरच्या पकडीची कुस्ती, हे सांगितल्याशिवाय पुढचं काहीच समजत नाही. कारण १९९३ ला अमेरिकेत डेन्व्हरला यूएफसीची, म्हणजे पिंजऱ्यातल्या फाइट भरवणाऱ्या कंपनीची, पहिली स्पर्धा झाली तेव्हापासून पुढची कितीतरी वर्षं कराटेवाल्यांचे हालच झाले, ते लांबून किक मारायला जायचे, समोरचा कंबर नाही तर पाय धरून खाली घ्यायचा आणि खेळ खतम. माचिदाला खाली घेणंच भल्याभल्यांना जमत नव्हतं, आणि त्यात सुमोचा वाटा कराटेपेक्षा कमी नाही. आखाड्याच्या मातीत दोन वर्षं काढलेल्या पोराला हे वेगळं समजवावं लागत नाही. ज्या विदर्भातल्या अमरावतीच्या व्यायामशाळेची माणसं १९३६ ला बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आली, त्याच विदर्भात आज आखाड्यातला पोरगा कराटे क्लासकडं फिरकत नाही अन् क्लासमधला आखाड्याकडं, याचं मला मनापासून वाईट वाटते.

२००३ ला जपानमध्ये त्याची पहिली फाइट झाली, २००७ च्या फेब्रुवारीत तो यूएफसीत आला. सुरुवातीला लोकांना तो आवडला नाही, बहुतेक फाइट पंचांच्या गुणांवर जायच्या आणि पब्लिक म्हणायची हा पळतो. पळत नव्हता बाप्पा, अंतर राखत होता. समोरचा जेवढा पुढं येईल तेवढा हा मागं, आणि ज्या क्षणी समोरच्यानं पाय उचलला किंवा हात सोडला त्याच क्षणी आत शिरून ग्याकू झुकी (मागच्या हाताचा ठोसा), नाही तर पाय झाडून खाली. शोतोकानच्या कुमितेत, म्हणजे समोरासमोरच्या लढतीत, पोरं हेच करतात, फक्त तिथं पॉइंट मिळाला की रेफ्री थांबवतो आणि इथं कोणी थांबवत नाही. २००९ च्या मे महिन्यात त्यानं दुसऱ्या राउंडमध्ये नॉकआउट करून लाइट हेवीवेट वजनगटाचा बेल्ट, म्हणजे चॅम्पियनपद, घेतला आणि पिंजऱ्यातूनच सांगितलं की कराटे परत आलंय. तोपर्यंत एकही हार नव्हती.

मंग आला ऑक्टोबर. २४ तारखेला लॉस एंजेलिसला बेल्टचा पहिला बचाव, समोर मौरिसियो शोगुन रुआ, तो पण ब्राझीलचाच, मुय थायवाला, म्हणजे थाई किकबॉक्सिंगचा. आपल्याकडं ती रविवारची सकाळ, दिवाळी नुकतीच आटोपली होती. पाच राउंड पूर्ण झाले, तिन्ही पंचांनी ४८-४७ दिले, म्हणजे तीन राउंड माचिदाला, दोन शोगुनला. पब्लिकनं तिथंच हुर्यो केली.

मी माचिदाचा माणूस आहे, तरी मला ती फाइट शोगुनची वाटते, आणि काहून ते सांगतो. शोगुननं डोक्यावर फटका बसवायच्या मागं लागणं सोडून दिलं होतं. तो पाचही राउंड माचिदाच्या मांडीवर अन् बरगडीवर किक मारत राहिला. शोतोकानचा पवित्रा लांब असतो, पुढचा पाय बाहेर निघालेला, वजन पण त्याच्यावर बरंच, तो पाय पटकन उचलून किक नडगीवर घेता येत नाही. आणि सवय पण नसते, कारण पॉइंटच्या कराटेत कमरेखालच्या किकेला गुणच नाहीत, मंग जिथं गुण नाहीत तिथला बचाव कोण कशाला शिकवीन? म्हणजे तीन वर्षांच्या वयापासून चढवलेल्या खेळातलं एक भोक शोगुनला सापडलं आणि त्यानं २५ मिनिटं तिथंच हातोडा मारला.

आता पंचांची बाजू. तेव्हाच्या नियमात मोजायचे होते कायदेशीर जड फटके, आणि मांडीवरची किक जड धरायची की नाही यावर पंचापंचात एकमत नव्हतं. शिवाय पिंजऱ्यावरचा ताबा, परिणामकारक आक्रमण आणि बचाव हे पण निकषांत होते. माचिदाच्या बाजूनं बोलणारे म्हणतात की डोक्यात बसलेले स्वच्छ ठोसे त्याचे होते, फाइट त्याच्या अंतरावर चालली होती, तो चुकवत होता अन् चुकवणं पण नियमात मोजलं जायचं. हे खोटं नाही. म्हणून पंच विकले गेले वगैरे जे बोललं जाते ते मला पटत नाही, पहिले राउंड खरंच जवळचे होते. पण फाइट जसजशी पुढं गेली तसतसा माचिदा मंदावला, शेवटच्या दोन राउंडांत पाऊल पहिल्यासारखं पडत नव्हतं, आणि ज्या फटक्यानं माणसाचं पाऊल बदलते तो हलका कसा? मला वाटते त्या दिवशी तिन्ही पंचांनी पाय हा शरीराचा कमी महत्त्वाचा भाग धरला. आणि गंमत म्हणा नाही तर दुर्दैव म्हणा, पॉइंटचं कराटे पण नेमकं तेच करते, म्हणजे ज्या चुकीनं माचिदा घडला त्याच चुकीनं त्या दिवशी तो वाचला.

आयोजकांनी लगेच दुसरी फाइट ठरवली. २०१० च्या मे महिन्यात माँट्रियलला शोगुननं पहिल्याच राउंडमध्ये, साडेतीन मिनिटांच्या आसपास, त्याला झोपवलं. १६ विजयांनंतरची पहिली हार. नियमांचं म्हणाल तर बचावाचा मुद्दा पुढं निकषांतून गेला, आणि २०१७ पासून आधी फटके आणि पकडीचा परिणाम पाहायचा, त्यात बरोबरी असली तरच आक्रमण अन् मंग ताबा, असा क्रम ठरला. आजच्या नियमानं २००९ ची फाइट मोजली तर माझ्या मते निकाल उलटा लागतो.

नंतरचं पटकन सांगतो. २०११ च्या एप्रिलमध्ये टोरांटोला ५५ हजारांवर पब्लिकसमोर उडी घेऊन माए गेरी, म्हणजे समोरची किक, थेट हनुवटीवर, ती क्लिप तर आपल्या प्रत्येक पोराच्या फोनात आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसऱ्या एका चॅम्पियननं उभ्या उभ्या गळा आवळला. मंग वजन उतरवून मिडलवेट, २०१४ ला तिथं पण बेल्टसाठी पाच राउंड लढला अन् हरला. २०१६ ला बंदी असलेलं एक सप्लिमेंट घेतल्याचं त्यानं स्वतःच फॉर्मवर लिहिलं आणि १८ महिने बाहेर बसला. परत आल्यावर २०१८ ला रिओत पुन्हा तीच समोरची किक, पुन्हा नॉकआउट, वय जवळपास ४०. मग दुसऱ्या कंपनीत गेला, आधी दोन जिंकला, नंतरच्या चार हरला, शेवटची २०२२ च्या मे महिन्यात लंडनला.

या काळात कराटेचंच काय झालं ते पण पोरांना माहीत पाहिजे. टोकियो ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आलं, आणि पुरुषांच्या सगळ्यात वरच्या वजनगटाच्या फायनलमध्ये गुणांनी पुढं असलेल्या सौदीच्या खेळाडूनं डोक्यात किक मारली, इराणचा बेशुद्ध पडला, आणि जास्त जोरात मारलं म्हणून मारणारा बाद, सोनं पडलेल्याला. नियमानं बरोबर आहे, कारण कराटेत फटका आवरणं हीच कला धरतात, पण माचिदाचं सगळं करिअर तो फटका न आवरण्यावर उभं आहे. पॅरिसला कराटे नव्हतंच. आपल्या देशात तर २०२० ला राष्ट्रीय संघटनेची मान्यताच गेली. ज्या पोरांचे मायबाप सोयाबीन विकून बेल्ट परीक्षेची फी भरतात, आणि पोलिस भरतीत पाच टक्के खेळाडू आरक्षणासाठी सर्टिफिकेट जपून ठेवतात, त्यांना याचा खरा मार बसतो, अन् वर कोणाला त्याचं काही पडलेलं दिसत नाही.

२०२४ च्या जूनमध्ये यूएफसीत भारताची पहिली फाइट जिंकली ती उत्तर प्रदेशातल्या एका पोरीनं, तिचा पाया वुशूचा, म्हणजे चिनी युद्धकलेचा. वुशूच्या सांदात, म्हणजे त्यातल्या लढतीच्या प्रकारात, मांडीवर किक पण चालते आणि उचलून आपटणं पण चालते, म्हणजे शोगुननं माचिदात जे भोक शोधलं ते तिच्या खेळात पहिल्या दिवसापासून बुजवलेलं असते. आपल्याकडच्या बहुतेक कॅम्पमध्ये ती किक अडवायला अजून कोणी शिकवत नाही.