चेहऱ्याआधी आवाज: जपानी पॉपमधल्या गायिकांची मागची पन्नास वर्षं

एप्रिल २०२४ मध्ये टोकियोच्या नॅशनल स्टेडियमवर आदो या गायिकेचे लागोपाठ दोन दिवस कार्यक्रम झाले. एकटीच्या नावावर ते मैदान घेणारी ती पहिली स्त्री. वय २१. समोर अफाट गर्दी होती, पण त्या गर्दीला दिसली ती फक्त प्रकाशापुढे हलणारी एक काळी आकृती. आदो चेहरा दाखवत नाही. ज्या देशात पॉप गायिकेचा चेहरा आधी विकला जायचा आणि गाणं मागून यायचं, तिथे हे घडलं. म्हणून आजच्या जपानी गायिका ऐकायला घेणाऱ्यांनी थोडं मागे जाऊन यावं असं मला मनापासून वाटतं.

१९७१ मध्ये निप्पॉन टेलिव्हिजनवर 'स्टार तांजो' नावाची गायन स्पर्धा सुरू झाली. नावाचा अर्थ 'ताऱ्याचा जन्म'. अंतिम फेरीत मुलगी गायची आणि समोर बसलेले कंपन्यांचे लोक, ती हवी असेल तर, फलक उंचावायचे. मोमोए यामागुची याच मंचावरून आली, तेव्हा ती १३ वर्षांची होती. 'आयडॉल' हा शब्द जपानीत रुळला तो याच काळात. आयडॉलचं गाणं निर्दोष असावं अशी अपेक्षा नसते. ती चुकत, शिकत, मोठी होत जाते आणि चाहते ते सगळं पाहत सोबत राहतात. गाणी लिहिणारे, कपडे ठरवणारे, काय बोलायचं ते सांगणारे सगळे वेगळे, आणि बहुतेक पुरुष.

मोमोएच्या बाबतीत मात्र १९७६ पासून योको आकी ही कवयित्री शब्द लिहू लागली आणि गाण्यांतली मुलगी एकदम ताठ मानेनं बोलायला लागली. ऑक्टोबर १९८० मध्ये बुदोकान सभागृहातल्या शेवटच्या कार्यक्रमात मोमोएनं पांढरा माइक मंचावर ठेवला आणि निघून गेली. लग्न करून संसाराला लागली, परत कधी गायली नाही. तेव्हा ती २१ वर्षांची होती.

त्याच दशकात शेजारून एक दुसरी वाट निघाली होती, आणि माझ्या लेखी खरा पाया तिचाच. टोकियोजवळच्या हाचिओजी गावातल्या किमोनोच्या दुकानदाराची मुलगी युमी आराई १९७२ मध्ये स्वतः लिहिलेली, स्वतः चाल लावलेली गाणी घेऊन आली. लग्नानंतर ती युमी मात्सुतोया झाली. सगळे तिला 'युमिंग' म्हणतात. १९७५ मध्ये मियुकी नाकाजिमा आली, तिचीही लेखणी स्वतःचीच. या दोन वाटा वेगळ्या राहिल्या असंही नाही. आयडॉलांची राणी सेइको मात्सुदा हिच्या काही गाजलेल्या चाली युमिंगनं 'कुरेता कारुहो' या टोपणनावानं दिल्या. हे नाव हॉलिवूडची जुनी तारका ग्रेटा गार्बो हिच्यावरून घेतलेलं. म्हणजे चेहरा सेइकोचा असला, तरी त्या चालींमागे दुसरी एक बाईच बसलेली होती.

'जे-पॉप' हा शब्द यानंतरचा. १९८८ मध्ये टोकियोत सुरू झालेल्या 'जे-वेव्ह' या रेडिओ केंद्राच्या आसपास तो रुजला. इंग्रजी गाण्यांच्या जोडीला वाजवता येतील अशा जपानी गाण्यांना काहीतरी नाव हवं होतं, तेवढीच त्याची सुरुवात.

मग १९९८. या वर्षावर मी तासभर बोलू शकेन. मिसिया, आयुमी हामासाकी, शीना रिंगो, आइको आणि हिकारू उतादा, सगळ्यांचं मोठ्या कंपनीतलं पदार्पण याच वर्षातलं. जानेवारीत मॉर्निंग मुसुमे या मुलींच्या गटानंही पदार्पण केलं. दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धेत हरलेल्या पाच मुलींना अट घातली होती: पाच दिवसांत ५०,००० सीडी स्वतः विकून दाखवा. त्यांनी दाखवल्या. उतादा तेव्हा फक्त १५ वर्षांच्या, जन्म न्यूयॉर्कचा, आई केइको फुजी ही एन्का या जुन्या धाटणीच्या जपानी गाण्यांची नामवंत गायिका. त्यांचा १९९९ चा पहिला अल्बम जपानमध्ये ७० लाखांहून जास्त खपला. तो विक्रम अजून मोडलेला नाही. २०२१ मध्ये आपण स्त्री किंवा पुरुष या चौकटीत बसत नसल्याचं उतादांनी जाहीर केलं, पण १९९८ ची गोष्ट त्यांना वगळून सांगता येत नाही. जपानात सीडीचं उत्पादन शिखरावर होतं तेही याच वर्षी. पुढे उतरणच होती.

त्या उतरणीवर धंद्यानं एक युक्ती शोधली. २००५ मध्ये टोकियोतल्या आकिहाबाराच्या छोट्या नाट्यगृहात 'एकेबी४८' हा मुलींचा गट सुरू झाला. सीडीसोबत हस्तांदोलनाचं तिकीट, सीडीसोबत आवडत्या मुलीसाठी मतपत्रिका. एकेक चाहता दहा-दहा सीडी घ्यायचा. असा गट मुंबईत उभारण्याची घोषणाही २०१७ मध्ये झाली होती, पण तो प्रयत्न तग धरू शकला नाही. या पद्धतीनं दुकानं चालली हे खरं, पण खपाच्या यादीवरून चांगलं गाणं ओळखणं अशक्य झालं. बाहेरच्या श्रोत्याचं त्यात फार नुकसान झालं. त्याच काळात हिरोशिमाच्या तीन मुलींचा 'परफ्यूम' गट इलेक्ट्रॉनिक संगीत आणि काटेकोर नृत्यावर आपलं घर बांधत होता. तो ऐकायचा राहिला असेल, तर आधी तो ऐका.

पण हे सगळं आपल्यापर्यंत का पोचलं नाही? जपानची संगीत-बाजारपेठ जगात दुसऱ्या क्रमांकाची. घरातच एवढं भागत असताना बाहेर कशाला बघायचं, असा कंपन्यांचा विचार. व्हिडिओ दीड मिनिटात तोडलेले, किंवा 'तुमच्या देशात उपलब्ध नाही'. स्पॉटिफाय जपानात आलं तेच २०१६ मध्ये. दार उघडलं ते कंपन्यांनी नव्हे. मारिया ताकेउचीचं १९८४ चं 'प्लास्टिक लव्ह' कुणीतरी परवानगीशिवाय यूट्यूबवर टाकलं, आणि २०१७ नंतर ते आपोआप सुचवलं जात जगभर पोचलं. २०२० च्या अखेरीस मिकी मात्सुबाराच्या १९७९ च्या पहिल्या गाण्याचं तसंच झालं. मिकी २००४ मध्ये, ४४ व्या वर्षी, कर्करोगानं गेली होती. तिला हे दिवस दिसले नाहीत, याची हळहळ ते गाणं ऐकताना दर वेळी होते.

चेहऱ्याविना गाण्याची वाट मात्र इंटरनेटवर जपानातच तयार झाली होती. २००७ मध्ये साप्पोरोच्या क्रिप्टन कंपनीनं 'हात्सुने मिकु' हा संगणकी आवाज विकायला काढला. घरबसल्या कुणीही गाणं रचून तिच्याकडून गाऊन घेऊ लागलं, आणि ती गाणी पुन्हा माणसांच्या गळ्यातून गाऊन निकोनिको या संकेतस्थळावर टाकणाऱ्यांना 'उताइते' म्हणू लागले. 'योआसोबी' या दुकलीचा संगीतकार आयासे याच मिकुच्या जगातून आला. त्याच्या जोडीला गायिका इकुरा. २०२३ मधलं त्यांचं 'आयडॉल' हे त्या आयडॉल-जगाच्याच मुखवट्याबद्दलचं गाणं, हा योग मला फार अर्थपूर्ण वाटतो.

आणि आदो त्या उताइतेंमधली. घरातल्या कपाटात बसून गाणी ध्वनिमुद्रित करायची. पहिलं व्यावसायिक गाणं २३ ऑक्टोबर २०२० ला आलं, अठराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. २०२२ च्या एका ॲनिमे चित्रपटात उता या गायिकेचं बोलणं दुसऱ्या कलाकाराचं आणि गाणं आदोचं होतं. पार्श्वगायनावर वाढलेल्या आपल्या कानांना यात नवल वाटणार नाही, पण तिकडे ती मोठी बातमी होती.

'आदो' हे नाव क्योगेन या जुन्या नाट्यप्रकारातलं. मुख्य पात्र 'शिते', त्याला साथ देणारं पात्र 'आदो'. दुसऱ्यांच्या आयुष्यात आपण अशी साथ द्यावी, म्हणून तिनं ते घेतलं. ३१ डिसेंबरला एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीवर होणारा 'कोहाकू' हा १९५१ पासूनचा गायिका विरुद्ध गायक असा लाल-पांढरा सामना. २०२३ मध्ये ती लाल बाजूकडून पहिल्यांदा स्वतःच्या नावानं गायली, क्योतोच्या हिगाशी होंगान्जी मंदिरातल्या 'नो' या पारंपरिक नाटकांच्या रंगमंचावरून. मंचाच्या मधोमध ती उभी होती आणि चेहरा अंधारात होता.