फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशीबद्दलचे गैरसमज आले कुठून

"अमक्याने लस घेतली आणि दोन दिवसांत गेला", हे ज्येष्ठांच्या लशीचा विषय निघाला की कुणीतरी सांगतंच. यातली सगळ्यात गाजलेली घटना अमेरिकेतली, ऑक्टोबर १९७६ ची. स्वाइन फ्लूची साथ येणार म्हणून सरकारने देशभर लशीची मोहीम काढली आणि पिट्सबर्गमधे एकाच क्लिनिकमधे लस घेतलेले तीन वृद्ध वारले, तिघंही हृदयाचे पेशंट, मग काही राज्यांनी लसीकरणच थांबवलं. तपासात लशीशी संबंध सापडला नाही. लाखो वयस्कर माणसांना एका आठवड्यात लस दिली तर त्यातली काही त्याच आठवड्यात जाणार, लस घेतली नसती तरी गेली असती, पण पेपरात हेडलाइन आल्यावर हे कोण ऐकणार. त्यात त्याच मोहिमेत गियां-बारे नावाचा नसांचा आजार खरंच वाढला, साधारण लाखामागे एक जास्तीची केस, आणि डिसेंबरमधे मोहीम बंद झाली. हेही लोकांना स्पष्ट सांगायलाच हवं, लपवलं की संशय अजून वाढतो.

लशीनेच फ्लू होतो ही समजूत त्याहून जुनी. सुरुवातीच्या लशींत अंड्यात वाढवून मारलेला अख्खा व्हायरस असायचा, शुद्धीकरण आजच्यासारखं नव्हतं, त्यामुळे ताप बऱ्यापैकी यायचा. आताच्या इंजेक्शनमधे जिवंत व्हायरस नसतो, हात दुखतो, एखाद दिवस कणकण येते, बस. आणि दरवर्षी का घ्यायची? १९४५ मधे अमेरिकेत सामान्य लोकांसाठी लस आली आणि १९४७ मधे ती चालेनाच, कारण व्हायरस बदलला होता. तो असा बदलतच राहतो, मग लसही बदलावी लागते. म्हणून १९५२ पासून जागतिक आरोग्य संघटना जगभर त्याच्यावर नजर ठेवून आहे.

न्यूमोनियाची गोष्ट मला जास्त चटका लावते. "अँटिबायोटिक्स आहेत ना, मग लस कशाला", हे आपणच नाही, एकेकाळी डॉक्टरही म्हणायचे. १९४० च्या दशकात न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकस जंतूवरची लस तयार होती, सैनिकांवर चाचणी यशस्वी झाली होती, पण पेनिसिलिन आलं, लस कुणी विचारेना, शेवटी कंपनीने ती बाजारातून काढून घेतली. रॉबर्ट ऑस्ट्रियन या डॉक्टरने मात्र पेशंटच्या नोंदी तपासून दाखवलं की पेनिसिलिन देऊनही पहिल्या पाच दिवसांतले मृत्यू फारसे कमी झालेले नाहीत. मग दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणकामगारांवर चाचण्या झाल्या, १९७७ मधे या जंतूच्या १४ प्रकारांवरची लस आली, १९८३ मधे २३ प्रकारांवरची. मधली कितीतरी वर्षं वायाच गेली.

उलट टोकाचा गैरसमजही आहे, लस घेतली की न्यूमोनिया होणारच नाही. ती फक्त न्यूमोकोकसच्या काही प्रकारांवर चालते, बाकीचे जंतू आणि व्हायरस आहेतच. नेदरलँड्समधे पासष्टीपुढच्या सुमारे ८४ हजार लोकांवर चाचणी झाली, २०१५ मधे निकाल आला, लशीतल्या प्रकारांमुळे होणारा न्यूमोनिया ४५ टक्क्यांच्या आसपास कमी. म्हातारपणी एवढा फरकही खूप आहे.

आपल्याकडे लस म्हणजे लहान मुलांचं काम हे डोक्यात पक्कं बसलंय, कारण सरकारी लसीकरणात न्यूमोकोकलची लस बाळांनाच मिळते. आणि फ्लूची लस थंडीत घ्यायची हे अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून ऐकलेलं असतं, पण मुंबई-पुण्याकडे फ्लू पावसाळ्यात जोर धरतो, त्यामुळे आईवडिलांसाठी डॉक्टरांना विचारायचं तर ते मे महिन्यातच विचारा.