ओढ्याचा काठ उघडा कसा पडला

पार्कातल्या ओढ्याकाठी निरगुडी, करंज लावूया म्हटलं की आमच्या बेळगावात पहिला प्रश्न ठरलेला, साप आले तर? काळजी बरोबर आहे हो, पण काठाला झाडी आधी होतीच की! गाव साधारण 750 मीटर उंचीवर, घाटाच्या तोंडाशी, त्यामुळे पाऊस भरपूर आणि ओढेही भरपूर (कन्नडमध्ये हळ्ळ), आणि काठाला जांभूळ, उंबर, करंज, खाली पाण्यालगत लव्हाळा नि वाळा, कुणी मुद्दाम लावलेलं नाही.

मग शोभेची पाहुणी आली. घाणेरी इंग्रजांनी 19व्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या बागेत आणली, पाखरं फळं खातात आणि बिया टाकत सुटतात, झालं. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची, तीपण फुलं छान म्हणूनच बंगालात आली, आणि सांडपाणी मिळालं की हिला आवरणारं कोण? आमच्या बेळगावातलाच बळ्ळारी नाला बघा. गाळ आणि जलपर्णी काढा म्हणून शहापूर, वडगावचे शेतकरी ओरडून थकले, नाला फुगला की पाणी थेट भाताच्या शिवारात.

पार्कांचं दुखणं वेगळं, तिथं झाडी आम्हीच घालवली. झुडपं म्हणजे घाण, असं डोक्यात बसलेलं, मग काठ साफ, वर लॉन, पेव्हर, जमलं तर काँक्रीटची भिंत. लॉनची मुळं वीतभर, वाळ्याची 2-3 मीटर. एका पार्कात मी स्वतः बघितलंय, पहिल्याच जोरदार पावसात काठावरचं लॉन चटईसारखं गुंडाळून खाली गेलं आणि वर नुसती लाल माती. भिंतीनं काठ टिकतो, पण पाणी जोरात धावतं आणि खालच्या वस्तीत चढतं. ऑगस्ट 2019चा पूर जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही.

उलटं फिरवता येतं का? सिंगापूरच्या बिशान पार्कात कल्लांग नदीचा सरळसोट काँक्रीटचा कालवा फोडून 2012 पर्यंत सुमारे 3 किलोमीटरचा वळणावळणाचा, झाडीचा प्रवाह केला. तेवढा पैसा आपल्याकडे कुठला, पण निरगुडीची फांदी ओल्या मातीत खोचली तरी फुटते, वाळ्याचे ठोंब पावसाच्या तोंडावर लावायचे. घाणेरी मात्र एकदम सगळी उपटायची नाही, थोडी काढायची, तिथं लावायचं, मग पुढचा तुकडा, नाहीतर काठ परत उघडा.