पासवर्ड न फोडता मेनफ्रेम ताब्यात

संध्याकाळी ठाण्याहून सुटलेली ट्रान्स-हार्बर लोकल ऐरोलीला निम्मी रिकामी होते. त्या गर्दीत काही वर्षं मीही होतो. रात्रभर काळ्या स्क्रीनवरची हिरवी अक्षरं बघत परदेशातल्या एका बँकेचा मेनफ्रेम, म्हणजे तिचे व्यवहार चालवणारा भलामोठा संगणक, सांभाळायचो. "अजून कोबोल चालतं?" हा त्यावरच्या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेबद्दलचा प्रश्न लग्नकार्यात ठरलेला. चालतं की! आणि मेनफ्रेम हॅक होत नाही, ही समजूतही तितक्याच जोरात चालते.

समजूत अगदीच निराधार नाही. आयबीएमनं 1964 मध्ये सिस्टिम/360 आणली, तिच्या आजच्या वंशजांत मेमरीच्या प्रत्येक 4 केबीच्या तुकड्याला 0 ते 15 पैकी एक 'की' (किल्ली) असते. साधा प्रोग्रॅम सहसा 8 नंबरच्या कीवर चालतो. त्यानं 0 कीच्या तुकड्यात लिहायचा प्रयत्न केला, की हार्डवेअरच त्याला थोपवतं. वर 1976 पासून रॅकएफ हे सुरक्षेचं सॉफ्टवेअर आहे. कोणी कुठला डेटासेट, म्हणजे फाइल, उघडायचा, हे ते ठरवतं.

पण काही लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमचे साठे, 'एपीएफ' या खास विश्वासातल्यांच्या यादीत असतात. तिथला अधिकृत प्रोग्रॅम स्वतःसाठी शून्य की मागू शकतो आणि ती मिळते, कारण ऑपरेटिंग सिस्टिमच्या कामांना ती लागतेच. शून्य की म्हणजे मेमरीत जवळपास कुठेही लिहायची मुभा. एकदा ती हाती आली, की लॉगिन केलेल्या माणसाचे अधिकार मेमरीत जिथे नोंदलेले असतात, तिथला एक बिट बदलायचा. बस्स. रॅकएफ पुढेही इमानेइतबारे तपासणी करत राहतं. फक्त समोरचा माणूस त्याला साहेब दिसतो.

म्हणून खरा प्रश्न असा, की त्या लायब्ररीत लिहू कोण शकतं? सिस्टिम प्रोग्रॅमर, हे उघडच आहे. मला जास्त धास्ती प्रोजेक्ट बदलून गेलेल्यांची वाटते.

बाहेरचा चोरही शेवटी आतल्याचाच वेष घेतो. स्वीडनमध्ये लॉजिका कंपनीच्या मेनफ्रेममध्ये झालेली घुसखोरी 2012 मध्ये उघड झाली. तिथे खऱ्या ग्राहकांची लॉगिनं वापरली गेली होती, आणि पासवर्ड फोडण्यासाठी रॅकएफचा डेटाबेसच उचलला होता. रॅकएफच्या जुन्या पद्धतीत पासवर्ड जास्तीत जास्त आठ अक्षरी, तोही सगळा कॅपिटलमध्ये. घरी नेऊन सावकाश फोडावा!

माझंच सांगतो. टीम बदलून आठ महिने झाले होते. एका रात्री सहज पाहिलं, तर जुन्या टीमच्या प्रॉडक्शन लायब्ररीवर माझा 'अपडेट' (म्हणजे लिहायचा) अ‍ॅक्सेस तसाच होता, आणि त्यातली एक एपीएफ यादीत होती. लीडला सांगितलं. "तिकीट टाक," तो म्हणाला. चौथ्या दिवशी अ‍ॅक्सेस गेला. तिकिटावर कारण लिहिलं होतं: 'यूजरची विनंती'.