टाळकरी कुठे गेले? नारदीय आणि वारकरी कीर्तन

चैत्रात नाशिकच्या काळाराम मंदिरात वासंतिक नवरात्र असतं. सिन्नरकडच्या मावशीला मी एकदा तिथं कीर्तनाला घेऊन गेलो. अर्धा तास ती गप्प बसली आणि मग कोपरानं ढोसून म्हणाली, "अरे, यांचे टाळकरी कुठायत?" तिला गावच्या सप्त्यातल्या वारकरी कीर्तनाची सवय. इथलं कीर्तन नारदीय: बुवा एकटेच उभे, हातात झांज, बाजूला पेटी-तबला.

गोंधळ होणारच. दोन्हीला आपण कीर्तनच म्हणतो. पत्रिकेत दोन्हीकडच्या बुवांच्या नावाआधी 'ह.भ.प.' लागतं, बुक्का दोन्हीकडे, नामाचा गजर दोन्हीकडे. भागवतात प्रल्हाद नवविधा भक्ती सांगतो, त्यात श्रवणापाठोपाठ कीर्तन येतं. पण त्याचे प्रकार काही तो पाडत नाही. ते आपण पाडले.

नारदीय कीर्तनाचे दोन भाग. पूर्वरंगात नमन होतं, मग बुवा एक मूळपद घेतात आणि त्याचं निरूपण करतात. हे मूळपद बहुतेक वेळा संतांचा अभंगच असतो. म्हणजे पूर्वरंग ऐकून उठलात, तर घरी जाऊन 'अभंगावरचं कीर्तन ऐकलं' असंच सांगाल. खरी गंमत पुढे आहे. मधे गजर होतो, बुवांना हार घालतात, बुक्का लावतात, आणि उत्तररंग सुरू होतो. उत्तररंग म्हणजे आख्यान, पूर्वरंगात मांडलेल्या सिद्धांताला साजेशी गोष्ट. साक्या, दिंड्या, आर्या, कटाव असे पद्यप्रकार, मधूनच रागदारी. तेच बुवा आत्ता कैकेयी होते, आता दशरथ झालेत. शेवटी मूळपदावर परत यायचं आणि आरती.

रामनवमीला तर यात घड्याळाचं कसब असतं. जन्म दुपारी बाराचा. आख्यान असं आवरत आणायचं की तिकडे कौसल्येच्या महालात बाळ आलं आणि इकडे बारा वाजले. लगेच गुलाल, पाळणा, सुंठवडा. बाराला वेळ असला की मुरलेले बुवा एखादं पद हळूच लांबवतात. श्रोत्यांना ते कळतं, पण कुणी बोलत नाही.

आता त्र्यंबकला चला, पौष वद्य एकादशीला. ज्ञानेश्वरांचे थोरले बंधू आणि गुरू निवृत्तिनाथ यांची समाधी इथं आहे, त्यांची ही यात्रा. भर थंडीत दिंड्या पायी येतात. इथलं कीर्तन वारकरी. बुवांच्या मागे टाळकऱ्यांची रांग, एकीकडे पखवाज, गळ्यात वीणा घेतलेला विणेकरी. आख्यान नाही. एक अभंग घ्यायचा आणि दोन तास त्याचा पिच्छा सोडायचा नाही. एकेक चरण उलगडायचा, आणि प्रत्येक मुद्द्याला प्रमाण द्यायचं: ज्ञानेश्वरीतलं, एकनाथांच्या भागवतातलं, तुकोबांच्या गाथेतलं. बुवांनी प्रमाणाचा पहिला शब्द उच्चारला की ओळ मागची रांग उचलते. त्यांचंही पाठांतर तेवढंच पक्कं असावं लागतं. दृष्टांत येतात, विनोद येतात (हल्ली जरा जास्तच येतात, असं माझं मत), पण फिरून चरणावर यायचंच. अपवाद काल्याच्या कीर्तनाचा. सप्त्याच्या शेवटच्या दिवशी कृष्णाच्या बाललीला रंगतात आणि दहीहंडी फुटते.

थोडक्यात ओळखायचं तर बुवांकडे नको, त्यांच्या मागे बघा. नारदीय कीर्तनात गाणं बुवांचं, आपण बसून ऐकायचं. वारकरी कीर्तनात अर्धं गाणं त्या रांगेचं असतं.

शिक्षणाच्या वाटाही वेगळ्या. आळंदीची वारकरी शिक्षण संस्था जोग महाराजांनी 1917 साली काढली. गावोगावचे कितीतरी कीर्तनकार तिथून तयार झाले. नारदीय कीर्तन पूर्वी बरंचसं घराण्यात चालत आलं, आणि आता पुण्याच्या नारद मंदिरासारख्या ठिकाणी शिकवलं जातं. रामदासी कीर्तन मांडणीनं या नारदीयाच्याच जवळचं. समर्थ रामदासांनी तपश्चर्या केली ती आपल्या नाशिकजवळच्या टाकळीला, आणि दासबोधातल्या नवविधा भक्तीच्या दशकात अख्खा एक समास कीर्तनाला दिला.

पैशाचा विषय मात्र नाजूक. जिथं कीर्तन करावं तिथं अन्नही घेऊ नये, असं तुकोबांनी बजावून ठेवलंय. नारदीय बुवा आरतीच्या तबकातली दक्षिणा उघडपणे घेत आले, तो त्यांचा चरितार्थच होता. आज दोन्हीकडे बिदागी आधी ठरते. तेव्हा या मुद्द्यावरून एकानं दुसऱ्याला नाव ठेवायला नको.

आणि गाडगे महाराज? त्यांना कुठल्याच खणात बसवता येत नाही. ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारायचे, उत्तरं वदवून घ्यायचे, मधूनमधून 'गोपाला गोपाला'. नाशकात त्यांची धर्मशाळा उभी आहे, पण तसं कीर्तन त्यांच्यामागे कुणाला साधलं नाही.

मावशीला मी त्या दिवशी एवढंच म्हटलं, "थांब, उत्तररंग लागू दे." ती आरतीपर्यंत थांबली. वर "बुवांचा आवाज गोड आहे, पण एकट्याला फार दम लागतो" असा शेराही दिला. पुढच्या पौषात ती मला त्र्यंबकला घेऊन गेली. मी मागे भिंतीला टेकून बसलो होतो. तिनं कुणाकडून तरी टाळजोड आणला, माझ्या हातात कोंबला आणि म्हणाली, "ऐकतोस काय नुसता? धर."