बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य (१९८६)

शालेय जीवनातील धर्मस्वातंत्र्य आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य यांविषयीचा भारतातील आधारभूत न्यायनिर्णय. राष्ट्रगीत चालू असताना आदराने उभे राहणाऱ्या, पण प्रामाणिक धर्मश्रद्धेमुळे ते स्वतः न गाणाऱ्या विद्यार्थ्यांना त्या कारणावरून शाळेतून काढून टाकणे घटनाबाह्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि न्या. एम. एम. दत्त यांच्या खंडपीठाने ११ ऑगस्ट १९८६ रोजी दिला. ‘राष्ट्रगीत खटला’ या नावानेही तो ओळखला जातो.

खटल्यातील तिन्ही अर्जदार सख्खी भावंडे होती आणि केरळच्या कोट्टायम जिल्ह्यातील किडंगूर येथे नायर सर्व्हिस सोसायटीच्या शाळेत अनुक्रमे दहावी, नववी आणि पाचवीत शिकत होती. त्यांचे कुटुंब ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत उदयाला आलेल्या या पंथाचे अनुयायी यहोवाखेरीज अन्य कोणाचीही वा कशाचीही स्तुती-उपासना करणे निषिद्ध मानतात, आणि ध्वजवंदन किंवा राष्ट्रगीतगायन हेही त्यांच्या दृष्टीने उपासनेच्याच कक्षेत येते. त्यांचा आक्षेप ‘जन गण मन’मधील एखाद्या शब्दाला किंवा विचाराला नव्हता, कोणत्याही देशाचे राष्ट्रगीत ते गात नाहीत. ही मुले रोजच्या परिपाठाला हजर राहत, राष्ट्रगीत सुरू झाले की इतरांसारखीच ताठ उभी राहत आणि ते संपेपर्यंत ओठ मिटून असत. त्यांच्या थोरल्या बहिणींनीही त्याच शाळेत हेच केले होते आणि त्याबद्दल कोणी कधी हरकत घेतली नव्हती.

जुलै १९८५ मध्ये एका आमदाराच्या हे लक्षात आले आणि त्याने विधानसभेत प्रश्न उपस्थित केला. चौकशीसाठी समिती नेमली गेली. मुले कायदा पाळणारी आहेत आणि त्यांनी राष्ट्रगीताचा अनादर केलेला नाही, असा त्या समितीचाच अभिप्राय होता. तरीही उपशिक्षण निरीक्षकांच्या सूचनेवरून मुख्याध्यापिकेने २६ जुलै १९८५ पासून तिघांना शाळेतून काढले. शासनाचा अंतिम आदेश येईपर्यंत तरी मुलांना वर्गात बसू द्यावे, ही वडिलांची विनंतीही मान्य झाली नाही. ज्यांच्या वागण्यात चौकशी करणाऱ्यांनाच दोष दिसला नाही, त्यांना झालेली ही शिक्षा न्याय्य म्हणता येणार नाही.

केरळ उच्च न्यायालयात आधी एकसदस्यीय पीठाने आणि नंतर खंडपीठाने मुलांची याचिका फेटाळली. खंडपीठाने राष्ट्रगीताचा शब्दन्‌शब्द तपासला आणि कोणाच्याही धर्मभावना दुखावतील असे त्यात काही नाही, असा निष्कर्ष काढला. निष्कर्ष चुकीचा नव्हता, पण तो विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरच नव्हता. गीतात आक्षेपार्ह काय आहे, हा वाद मुळात कोणी घातलाच नव्हता. आपल्या श्रद्धेनुसार गायला मनाई असलेल्या मुलाला शासन ते गायला भाग पाडू शकते का, एवढाच प्रश्न होता.

सर्वोच्च न्यायालयाने याच प्रश्नाला हात घातला. राष्ट्रगीत गाण्याची सक्ती करणारा कायदा आहे का, हे त्याने प्रथम तपासले. राष्ट्र प्रतिष्ठा अवमान प्रतिबंध अधिनियम, १९७१ च्या कलम ३ नुसार जो हेतुपुरस्सर राष्ट्रगीत गाण्यास प्रतिबंध करतो किंवा ते गाणाऱ्या जमावात व्यत्यय आणतो, त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. न गाणे हा त्या कलमाखाली गुन्हा नाही. संविधानाच्या अनुच्छेद ५१-क मध्ये राष्ट्रगीताचा आदर राखणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे. तथापि, राष्ट्रगीताच्या वेळी उभे राहिल्याने योग्य तो आदर व्यक्त होतो आणि केवळ न गाण्याने अनादर होत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. राहिली राष्ट्रगीतगायनात सर्वांनी सहभागी व्हावे असे सांगणारी केरळच्या शिक्षण विभागाची १९६१ आणि १९७० सालची परिपत्रके. अनुच्छेद १९ (१) (क) मधील भाषण व अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर निर्बंध घालायचा तर त्याला कायद्याचे बळ लागते. या परिपत्रकांना ते नव्हते. गप्प राहण्याचा हक्क अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येतो, हे तत्त्व भारतीय न्यायशास्त्रात रुजले ते येथून.

निर्णयाचा दुसरा आधार अनुच्छेद २५ हा आहे. सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि धर्म प्रकट करण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क या अनुच्छेदाने दिला असून सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि मूलभूत हक्कांच्या प्रकरणातील इतर तरतुदी यांच्या मर्यादेत तो वापरता येतो. एखादी श्रद्धा न्यायाधीशाच्या बुद्धीला किंवा भावनेला पटते का, हे पाहायचे नसून ती प्रामाणिकपणे आणि विवेकपूर्वक बाळगलेली आहे का, एवढेच पाहायचे, असा निकष न्या. रेड्डी यांनी घालून दिला. अगदी नगण्य अल्पसंख्याकालाही संविधानाखाली आपली ओळख टिकवता येणे, ही त्यांनी खऱ्या लोकशाहीची कसोटी मानली. आपली परंपरा, आपले तत्त्वज्ञान आणि आपले संविधान ही तिन्ही सहिष्णुतेचीच शिकवण देतात, ती पातळ होऊ देऊ नये, या आशयाचे निर्णयाचे अखेरचे वाक्य पुढे वारंवार उद्धृत झाले. मुलांना शाळेत परत घेऊन त्यांच्या शिक्षणात अडथळा येऊ न देण्याचा आदेश शाळेला देण्यात आला.

याच पंथाच्या मुलांवरून अमेरिकेतही असाच संघर्ष झाला होता आणि भारतीय न्यायाधीशांनी त्याचा सविस्तर परामर्श घेतला. शाळेतील ध्वजवंदनाची सक्ती अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९४० साली गोबायटिस खटल्यात वैध ठरवली. त्यानंतर या पंथाच्या लोकांवर अनेक ठिकाणी हल्ले झाले. तीनच वर्षांनी, दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, बार्नेट खटल्यात त्याच न्यायालयाने आपला निर्णय फिरवला. देशभक्तीच्या भावना टिपेला पोहोचलेल्या असताना दिलेला हा निर्णय असल्याने त्याचे मोल अधिक आहे.

बिजो इमॅन्युएल निर्णयाची व्याप्ती पुष्कळदा आहे त्याहून मोठी समजली जाते. राष्ट्रगीताच्या वेळी बसून राहण्याचा हक्क त्यात कोठेही मान्य केलेला नाही; मुले आदराने उभी राहत होती, या वस्तुस्थितीवर सगळा युक्तिवाद उभा आहे. चित्रपटगृहांत राष्ट्रगीत वाजवणे सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१६ रोजी अंतरिम आदेशाने सक्तीचे केले आणि ९ जानेवारी २०१८ रोजी ते ऐच्छिक केले. त्या वादातही या निर्णयाचा दाखला पुन्हा पुन्हा दिला गेला.

महाराष्ट्रातील शाळांत परिपाठाला राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि प्रार्थना असा क्रम सर्रास असतो, त्यामुळे हा प्रश्न येथेही नवा नाही. नाशिकच्या एका अनुदानित शाळेतील शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्यास नकार दिला म्हणून त्याची वरिष्ठ वेतनश्रेणी रोखण्यात आली होती. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय देताना अशी सक्ती मूलभूत हक्कांचा भंग करते, असे म्हटले. या प्रकरणी अनुच्छेद २८ (३) महत्त्वाचा ठरला. शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणालाही त्याच्या संमतीविना, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकाच्या संमतीविना, धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सहभागी व्हायला लावता येत नाही, अशी ही तरतूद आहे. अनेक पालकांना आणि मुख्याध्यापकांनाही तिची माहिती नसते; शाळेच्या सूचनाफलकावर ती लावली जावी, इतकी ती रोजच्या उपयोगाची आहे.

गणवेशाबरोबर हिजाब परिधान करण्याच्या वादात या निर्णयाची कसोटी पुन्हा लागली. कर्नाटक उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये शासनाचा गणवेशविषयक आदेश वैध ठरवला. १३ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले. न्या. सुधांशू धुलिया यांनी १९८६ च्या निर्णयाचा आधार घेऊन विद्यार्थिनींची बाजू उचलून धरली, तर न्या. हेमंत गुप्ता यांनी अपिले फेटाळली. एकमत न झाल्याने प्रकरण मोठ्या पीठाच्या स्थापनेसाठी सरन्यायाधीशांकडे सोपवण्यात आले. चेंबूरमधील एका महाविद्यालयाच्या पेहरावविषयक सूचनेला दिलेले आव्हान मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये फेटाळले. पुढे ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी आणि बिल्ले यांना मनाई करणाऱ्या त्या सूचनेतील भागाला अंतरिम स्थगिती दिली.