मतं मोजणारं कार्यालय आणि मतं ठरवणारं कार्यालय

नेशनस्टेट्स या ऑनलाइन खेळात नवा रीजन, म्हणजे राष्ट्रांचा गट, काढणारी मंडळी घटना लिहायला बसली की एक 'मतदान मंत्री' नेमतात आणि दोन कामं त्याच्या गळ्यात बांधून मोकळी होतात. पहिलं काम रीजनच्या स्वतःच्या सभेत आलेल्या विधेयकावर मतदान घेण्याचं. दुसरं काम, वर्ल्ड असेंब्लीसमोर, म्हणजे खेळातल्या संयुक्त राष्ट्रसंघासारख्या सभेसमोर, आलेल्या ठरावावर रीजनने कोणती बाजू घ्यायची ते ठरवण्याचं. दोन्हीकडे होय-नाही विचारतात, दोन्हीकडे मुदत असते आणि शेवटी आकडा जाहीर होतो. वरवर बघणाऱ्याला फरक जाणवत नाही. पण पहिलं काम सभापतींचं आहे, दुसरं सरकारचं. ही दोन्ही एका टेबलावर आली की दोन्ही बिघडतात.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. मॅक्स बॅरी या ऑस्ट्रेलियन लेखकाने नोव्हेंबर 2002 मध्ये हा खेळ सुरू केला. प्रत्येकाने एक काल्पनिक राष्ट्र चालवायचं. राष्ट्रं मिळून रीजन बनतो. वाटलं तर राष्ट्र वर्ल्ड असेंब्लीचं सदस्य होतं, मात्र एका खेळाडूला एकाच राष्ट्राचं सदस्यत्व मिळतं. रीजनमधली सदस्य राष्ट्रं एकमेकांना एन्डोर्समेंट, म्हणजे पाठिंबा, देतात आणि ज्याच्याकडे ती सर्वांत जास्त, तो डेलिगेट. साध्या सदस्याला ठरावावर एक मत असतं. डेलिगेटचं मत त्याच्या एन्डोर्समेंटच्या संख्येत एक मिळवून येईल तेवढ्या वजनाचं असतं. साठ एन्डोर्समेंट असतील तर एकसष्ट मतं, आणि ती एका क्लिकवर पडतात.

सगळा गुंता या एका क्लिकमध्ये आहे.

रीजनची सभा, तिचे कायदे, तिचे सभापती हे सगळं खेळाडूंनी आपसांत ठरवलेलं असतं. खेळाच्या यंत्रणेला त्याचा पत्ताही नसतो. सभेने विधेयक मंजूर केलं तर ते कायदा ठरतं, कारण लोक तसं मानतात. मोजणीत चूक निघाली तर सभा पुन्हा मतदान घेऊ शकते. वर्ल्ड असेंब्लीचं तसं नाही. तिथे मुदत संपली की अपडेटच्या वेळी, म्हणजे खेळ आपले आकडे ताजे करतो त्या ठरलेल्या वेळी, निकाल लागतो, जनरल असेंब्ली या तिथल्या एका सभागृहाचा ठराव मंजूर झाला असेल तर सदस्य राष्ट्रांची आकडेवारीही आपोआप बदलते, आणि यंत्रणा कुणाचं गाऱ्हाणं ऐकत नाही. मंजूर ठरावात दुरुस्तीही करता येत नाही. नको असेल तर तो रद्द करणारा दुसरा ठराव आणायचा, एवढाच मार्ग. म्हणजे सभेतलं मतदान हे खेळाडूंच्या आपसातल्या शब्दावर उभं असतं, तर वर्ल्ड असेंब्लीतलं मतदान डेलिगेटच्या बटणावर.

आपल्याकडे गोव्यात या दोन कामांची फारकत राज्यघटनेनेच करून ठेवली आहे. पर्वरीच्या पठारावर विधानसभा आणि सचिवालय जवळजवळ असली तरी विधिमंडळाचे कर्मचारी सरकारी खात्यांच्या हाताखाली नसतात. अनुच्छेद 187 नुसार विधिमंडळाला स्वतःचा वेगळा सचिवालयीन कर्मचारीवर्ग असतो. कामकाजाची यादी, प्रश्नांच्या नोटिसा, मतविभाजनाची नोंद हे त्यांचं काम. सरकारची विधेयकं कधी यायची, आपले आमदार सभागृहात हजर आहेत की नाहीत, विरोधकांशी बोलणी कुठवर आली, हे पाहणारे संसदीय कामकाज मंत्री आणि सत्ताधारी पक्षाचा प्रतोद सरकारच्या बाजूचे. तीच विधेयकं आणि तेच चाळीस आमदार दोघांच्याही समोर असतात, पण एकाला निकालाशी कर्तव्य नसावं आणि दुसऱ्याचा सगळा जीव निकालातच.

सभापतींच्या खुर्चीची किंमत किती, हे 20 मार्च 2019 ला दिसलं. मनोहर पर्रीकरांच्या निधनानंतर प्रमोद सावंत मुख्यमंत्री झाले. तोवर तेच सभापती होते. त्यामुळे विश्वासदर्शक ठरावाच्या दिवशी खुर्चीवर उपसभापती मायकल लोबो बसले. ठराव 20 विरुद्ध 15 मतांनी संमत झाला. सरकारच्या बाजूला माणसं एकवीस होती, पण एकविसावे खुर्चीवर होते. अनुच्छेद 189 प्रमाणे खुर्चीवरचा माणूस आधी मत देत नाही, समसमान मतं पडली तरच निर्णायक मत देतो. चार जागा रिकाम्या असल्याने छत्तीसवर आलेल्या सभागृहात एका मताची किंमत काय असते हे सांगायला नको. मोजणाऱ्याच्या जागी बसायचं तर आपलं मत बाजूला ठेवावं लागतं, हा त्यातला सौदा.

नेशनस्टेट्समधल्या 'मतदान मंत्र्या'ला नेमका हाच सौदा करता येत नाही. वर्ल्ड असेंब्लीच्या ठरावावर बाजू घेणं हेच त्याचं काम आहे. त्याने ठराव वाचायचा, आपल्या रीजनच्या परराष्ट्र धोरणात तो बसतो का ते बघायचं, मित्र रीजन काय करताहेत याची चौकशी करायची आणि लोकांना सांगायचं की होय म्हणा किंवा नाही म्हणा. सिक्युरिटी काउन्सिल या वर्ल्ड असेंब्लीच्या दुसऱ्या सभागृहात एखाद्या रीजनच्या निषेधाचा किंवा कौतुकाचा ठराव आला तर हे उघडच राजकारण असतं. असा माणूस दुसऱ्या दिवशी सभेत विधेयकाची मतं मोजायला बसला, तर त्याच्या मोजणीवर विश्वास ठेवायचा कुणी? आणि उलट बाजूने, सभापतींनाच ठरावांचं काम दिलं तर ते तटस्थ राहण्याच्या सवयीने शिफारसच करत नाहीत. ठराव येतात, जातात, डेलिगेट आपल्या मनाने क्लिक करतो. हा दुसरा बिघाड लवकर लक्षात येत नाही, म्हणून मला तो जास्त वाईट वाटतो.

दोन्हीकडची घड्याळंही वेगळी चालतात. सभेत घाई नसते. विधेयकावर चर्चा होते, दुरुस्त्या येतात, कुणीतरी मुदतवाढ मागतो, सभापती देतात. वर्ल्ड असेंब्लीत ठराव मतदानाला आला की हाताशी साधारण चार दिवस असतात. शिवाय पहिला दिवस शेवटच्या दिवसापेक्षा कितीतरी मोलाचा. कुणी कसं मत दिलं ते सगळ्यांना दिसतं, आणि सुरुवातीला मोठ्या डेलिगेटांनी ज्या बाजूला वजन टाकलं त्या बाजूला छोटी राष्ट्रं वाहत जातात. तिसऱ्या दिवशी रात्री अत्यंत विचारपूर्वक टाकलेली एकसष्ट मतं तोवर निकाली निघालेल्या सामन्यात पडतात.

त्यामुळे ठरावांवर बाजू ठरवणाऱ्या कार्यालयाची खरी मेहनत मतदानाच्या आधी असते. कोणताही प्रस्ताव मतदानाला येण्यापूर्वी त्याला एकूण डेलिगेटांपैकी सहा टक्क्यांची मान्यता मिळवावी लागते, मग तो रांगेत लागतो. रांगेत लागला त्याच दिवशी रीजनमधलं मतदान उघडावं, ठराव प्रत्यक्ष मतदानाला येईपर्यंत थांबू नये. तेवढ्यात एकाने मसुदा वाचून शिफारस लिहावी: ठराव काय करतो, आधीच्या कोणत्या ठरावाशी त्याची टक्कर आहे का, बाजूचं काय, विरोधाचं काय, आणि शेवटी आपला कल. एक पान पुरे. दोन पानं कुणी वाचत नाही, हे आपल्याकडे ग्रामसभेची इतिवृत्तं लिहिणाऱ्यांना विचारा.

माणसं किती लागतात? प्रमुख, त्याचा एक उपप्रमुख, दोन-तीन वाचणारे-लिहिणारे. उपप्रमुख वेगळ्या वेळापत्रकाचा असला तर उत्तम, कारण खेळाचं घड्याळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचं आहे. तिथल्या मध्यरात्री होणारा मोठा अपडेट आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळी साडेनऊला आणि हिवाळ्यात साडेदहाला सुरू होतो. म्हणजे मडगावहून पणजीला नोकरीला जाणारा माणूस नेमका तेव्हा ऑफिसात शिरत असतो. ज्याची शिफ्ट दुपारची त्याच्याकडे सकाळची जबाबदारी द्यावी, पद कितीही धाकटं असो. सभापतींच्या कार्यालयाला हे काही लागत नाही. तिथे एक नियमाला चिकट माणूस आणि त्याच्या गैरहजेरीत एक उपसभापती पुरतो.

आता शिफारस लिहिणारा आणि मतदान उघडणारा एकच असावा का? बऱ्याच ठिकाणी असतो आणि शिफारस थेट मतपत्रिकेच्या डोक्यावर चिकटवलेली असते. मला हे पटत नाही. सरकारने बाजू घ्यावी, जरूर घ्यावी, पण शिफारस वेगळी आणि आधी प्रसिद्ध व्हावी. मतपत्रिकेवर ठरावाचं नाव, होय, नाही आणि मुदत, एवढंच असावं. नाहीतर लोक शिफारसच पुढे सरकवतात आणि मंत्री त्याला जनमत म्हणून डेलिगेटकडे नेतो.

मत कुणी द्यायचं यातही फरक आहे, आणि नव्या घटनांमध्ये सगळ्यात ढिलाई इथेच दिसते. सभेत मत सभासदांचं. सभासद कोण हे कायद्यात लिहिलेलं असतं, यादी असते. वर्ल्ड असेंब्लीच्या ठरावावर मात्र डेलिगेटच्या मताचं वजन एन्डोर्समेंट देणाऱ्यांमुळे येतं, आणि त्यातले कित्येकजण सभेचे सभासद नसतात. त्यांना विचारायचं की नाही? माझ्या मते विचारायलाच हवं. ज्यांच्या जोरावर एकसष्ट मतं पडतात त्यांना बाहेर ठेवून आठ-दहा सभासदांनी निर्णय घेणं म्हणजे दुसऱ्याच्या पैशाने दान करणं. यावर उत्तर असं येतं की मग बाहेरून येऊन एन्डोर्समेंट देणारे रीजनचं धोरण ठरवतील. धोका खरा आहे. म्हणून काही रीजनमध्ये नागरिक आणि सदस्य राष्ट्र दोन्ही असलेल्याचं मत अधिक धरतात. तो हिशेब गुंतागुंतीचा असतो, पण हिशेब करणारा हा सरकारचा माणूस नसावा. मतदान सरकारने उघडावं, आकडा सभापतींच्या कार्यालयातल्या कुणीतरी तपासावा. दोन कार्यालयांनी एकमेकांशी बोलावं असं ठिकाण हे एवढंच.

बाकी बाबतीत अंतर ठेवलेलं बरं. महाराष्ट्रातल्या सत्तासंघर्षावर सर्वोच्च न्यायालयाने 11 मे 2023 ला जो निकाल दिला त्यात प्रतोद कोण हे ठरवण्याचा हक्क राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही, असं म्हटलं. आणि विधानसभा अध्यक्षांनी भरत गोगावले यांना शिवसेनेचे प्रतोद म्हणून दिलेली मान्यता बेकायदा ठरवली. मतं मागणाऱ्याचा अधिकार सभागृहाबाहेरून येतो, खुर्चीने तो बहाल करायचा नसतो. रीजनमध्येही मतदान कार्यालयाचा प्रमुख डेलिगेटने किंवा निवडून आलेल्या सरकारप्रमुखाने नेमावा, सभापतींनी नव्हे. सभेला त्याला जाब विचारता यावा, एवढं पुरे.

व्हीपचा, म्हणजे पक्षादेशाचा, धाक इथे चालत नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. आमदाराने व्हीप मोडला तर राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीतल्या पक्षांतरबंदीखाली अपात्रतेची टांगती तलवार असते. 1992 च्या किहोतो होलोहान खटल्यात न्यायालयाने ती विश्वासदर्शक ठराव आणि पक्षाच्या मूलभूत धोरणाच्या प्रश्नांपुरती राखावी असं सांगितलं, तरी तलवार आहेच. नेशनस्टेट्समधल्या डेलिगेटने रीजनचा कौल डावलून उलट क्लिक केलं तर खेळ त्याला काही करत नाही. लोकांनी एन्डोर्समेंट काढून घेतल्या तरच त्याचं वजन उतरतं, आणि ते व्हायला वेळ लागतो. म्हणून घटनेत एक साधं कलम घालावं: कौलाविरुद्ध मत दिलं तर डेलिगेटने त्याच दिवशी कारण जाहीर करायचं. त्याहून कडक कलमं कागदावर शोभतात, पण बटण शेवटी त्याच्याच हातात राहतं. मुदत संपेपर्यंत मत बदलता येतं, त्यामुळे कारण मागितल्यावर दुरुस्तीला वाव उरतो.

राहिला प्रश्न समसमान कौलाचा. सभेत तो सोपा आहे. सभापती निर्णायक मत देतात किंवा विधेयक पडलं असं कायद्यात लिहिलेलं असतं. वर्ल्ड असेंब्लीत होय आणि नाही अशी दोनच बटणं आहेत, तटस्थ राहायचं तर मतच द्यायचं नाही. बारा विरुद्ध बारा झालं तर डेलिगेटने काय करायचं हे कार्यालयाच्या नियमात पहिल्याच दिवशी लिहून ठेवावं. मी असतो तर 'मत देऊ नये' असं लिहिलं असतं. पण सिक्युरिटी काउन्सिलमध्ये मित्र रीजनवर निषेधाचा ठराव आला असेल तेव्हा गप्प बसणंही बाजू घेतल्यासारखंच वाचलं जातं, म्हणून त्या ठरावांपुरता निर्णय डेलिगेटवर सोडलेला चालेल.